धुणे घरात कसे आले

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत स्वयंपाकाला स्वयंपाकघर होते, देवाला देवघर, धान्याला बळद आणि गुरांना गोठा. धुण्याला मात्र फक्त एक दगड होता, आणि तोही बहुधा घराबाहेर. नदीचा काठ, ओढ्याची वळणे, तळ्याच्या पायऱ्या, विहिरीचा कठडा, फार तर परसातला एक कोपरा अशा जागी धुणे होई. आजच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून जी चार-पाच फुटांची ‘ड्राय बाल्कनी’ असते, तिथवर धुणे पोचायला साधारण दीडशे वर्षे लागली. या प्रवासात धुण्याची जागा कपड्यांची सोय पाहून क्वचितच ठरली. पाणी कुठून येते आणि त्याहीपेक्षा ते कुठे जाते, यावरून ती ठरत गेली.

नदीकाठच्या गावांत पाणवठ्याची एक उतरंड असे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पिण्याचे पाणी भरायचे, त्याखाली आंघोळी, मग धुणी, आणि सगळ्यांत खाली गुरे. ही व्यवस्था आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाची वाटते, पण तिच्यातच जातीची उतरंडही मिसळलेली होती. दलितांच्या वाट्याला येणारा पाणवठा खालच्या अंगाचा असे, आणि पुष्कळ गावांत तोही नसे. त्यामुळे अंगावरचे कपडे स्वच्छ ठेवणे हा निव्वळ सवयीचा प्रश्न कधीच नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पाणी पिण्याचा हक्कच जिथे नाकारला जातो, तिथे धुण्याच्या पाण्याची काय कथा!

मोठ्या वाड्यांना स्वतःचा घाट असे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेवर उतरणारा दगडी घाट आहे. असे घाट स्नानसंध्येसाठी बांधले असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ओलसर पायरीवर बसून लुगडे आपटणाऱ्या बाईलाही तीच पायरी लागे. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ ‘धुण्याची चावी’ नावाचे ठिकाण आहे. त्या भागात नळाला चावी म्हणतात, हे ठाऊक नसलेला परगावचा माणूस या नावाने बुचकळ्यात पडतो.

कोकणात नदीपेक्षा विहीर जवळची. जांभ्याच्या दगडाने बांधलेली विहीर, तिच्यावर रहाट, शेजारी पाणी साठवायला दगडाची दोण आणि दोणीच्या पुढ्यात तिरका बसवलेला धुण्याचा दगड. दगडाला उतार लागतो, तो पाणी पुढच्या बाजूने निघून जावे म्हणून. आणि त्याचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असून चालत नाही, नाहीतर मळ सुटत नाही. हे पाणी वाया जात नसे. पाट काढून ते माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडलेले असे. देशावरच्या घरातही न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे, तिथे अळू लावलेला असायचा. त्याला ओल सतत हवी असते आणि न्हाणीला ओल खपवायला जागा हवी असते. सांडपाण्याचा निचरा हा ज्या शास्त्राचा विषय आहे, त्याची घरगुती आवृत्ती म्हणजे परसातले हे अळवाचे वाफे.

साबण येण्याआधी मळ काढायला क्षार वापरत. लाकडाची राख पाण्यात भिजवून वरची निवळ घेतली की तिच्यात पोटॅशचा क्षार उतरतो आणि तो कपड्यातल्या तेलकटपणाशी संयोग पावतो. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना हा क्षार सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी रिठे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते. ते फेस करते, पण धाग्याला खात नाही. विदर्भातल्या लोणारचे सरोवर क्षारांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध होते, आणि काच व साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

रोजचे धुणे घरच्या बाया करत, आणि मोठे, मळकट किंवा ‘विटाळाचे’ धुणे परटाकडे जाई. परीट हा बारा बलुतेदारांतला एक. सुगीच्या वेळी त्याला धान्याच्या रूपात बलुते मिळे. लग्नात नवरा-नवरीच्या वाटेवर पायघड्या घालण्याचा मान त्याचा असे, आणि अनेक गावांत बाळंतिणीचे धुणे परटीण नेई. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली याच समाजात झाला. गावोगाव खराटा घेऊन फिरलेल्या या माणसाच्या घराण्याचा व्यवसाय कपडे धुण्याचा होता. परटाने धुतलेले वस्त्र मात्र सोवळ्याला चालत नसे. ज्याच्याकडून कपडा स्वच्छ करून घ्यायचा, त्याच्याच स्पर्शाने तो अशुद्ध मानायचा, असा हा व्यवहार होता.

सोवळ्यामुळे घराच्या आत धुण्यासंबंधीची पहिली कायमची सोय झाली, ती धुण्याची नव्हे, वाळवण्याची. सोवळ्याचे वस्त्र धुऊन, पिळून, कुणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणी वाळायला हवे. म्हणून माजघरात किंवा पडवीत छताजवळ बांबूची वलणी टांगलेली असे आणि ओले वस्त्र काठीने तिच्यावर सरकवत. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते काठीच्या टोकावर पेलून एका झटक्यात वलणीवर पसरवणे हे कसब होते, आणि ते लहानपणीच शिकवले जाई. मासिक पाळीची फडकी मात्र उन्हात कधीच आली नाहीत. ती अडगळीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कापडाखाली लपवून वाळत. घराच्या रचनेत त्यांना दिलेली जागा तेवढीच.

मुंबईत ही सगळी घडी मोडली. शहरात तळी होती, आणि त्यांतल्या एका तळ्याची आठवण धोबी तलाव या नावात उरली आहे. तळे बुजले, तिथे चौक झाला. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानशाचे. नळ आला आणि पाणी माणसाकडे येऊ लागले. पण वापरलेले पाणी बाहेर कसे जायचे याचा विचार मागे पडला. १८९६ च्या प्लेगनंतर तो करणे भागच पडले. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारती त्याच काळातल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, आणि खोलीच्या कोपऱ्यात मोरी.

मोरी ही मराठी घराच्या इतिहासातली एक विलक्षण जागा आहे. तीन-चार फुटांचा चौकोन, खाली शहाबादी फरशी, भोवती गुडघ्याएवढा कट्टा, कोपऱ्यात बाहेर जाणारे भोक. पहाटे तिच्यात आंघोळी, सकाळी धुणे, दुपारी भांडी, रात्री हात-पाय. पडदा ओढला की न्हाणीघर, पडदा सारला की धुण्याचा घाट. नळाला पाणी ठरावीक वेळी येई, म्हणून शेजारी पिंप. त्यातले पाणी तांब्याने मोजून घ्यायचे, आणि कपडे आघळलेले शेवटचे पाणी फरशी पुसायला किंवा सामाईक संडासात न्यायच्या टमरेलात. ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण ज्या घरात जन्मली, तिथे मोरीचे भोक हा रोजच्या चिंतेचा विषय असणार. भोकातून पाणी जाते, तसे घुशी-उंदीर येतात, म्हणून रात्री बोळा घालायचा. धुण्याला घराच्या आत मिळालेली ही पहिली जागा, आणि तीही त्याला एकट्याला मिळाली नाही.

आपटून धुवायला मात्र मोरीत जागा नव्हती. हात वर नेला की भिंत लागे, आणि खालच्या खोलीत ‘धप् धप्’ ऐकू जाई. म्हणून आपटण्याच्या जागी ब्रश आला, चोळणे आले, आणि चोळायला साबणाची वडी आली. विलायतेतून सनलाइट साबण १८८८ साली हिंदुस्थानात उतरला होता. साबणात जनावराची चरबी असते या शंकेने सोवळ्या घरांत तो दाराबाहेर राहिला. पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलापासून केलेला गोदरेजचा चावी छाप साबण आल्यावर ही अडचण सुटली. पुढे टाटा ऑइल मिल्सच्या ५०१ बारची लांब पिवळी कांडी तारेने कापून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलेली दिसू लागली.

चाळीतले वाळवण गॅलरीत. छताला कप्प्या, कप्प्यांतून दोरी, दोरीला बांबूची दांडी. दांडी खाली घ्यायची, पिळे झटकून तिच्यावर पसरायचे आणि पुन्हा वर ओढून दोरी खिळ्याला गुंडाळायची. कोणाची दांडी किती पुढे आली, कोणाच्या ओल्या लुगड्याचे पाणी खालच्या मजल्यावरच्या पापडांवर गळले, यावरून भांडणे होत. पावसाळ्यात मुंबईत चार-चार दिवस ऊन नसते. तेव्हा तान्ह्या मुलाची दुपटी वाळवायला एक युक्ती होती. शेगडीवर विस्तव, त्यावर वेताची टोपली पालथी आणि टोपलीवर दुपटे. निखाऱ्यावर थोडा ओवा टाकला की कुबट वास जाई आणि बाळाला शेकही मिळे. ज्यांना परवडे ते कपडे भय्याकडे किंवा लाँड्रीत देत. तिथून ते महालक्ष्मीच्या धोबीघाटासारख्या ठिकाणी पोचत. रेल्वेच्या रुळांशेजारी ओळीने बांधलेल्या टाक्या, प्रत्येक टाकीला तिचा आपटण्याचा दगड. हजारो घरांचे कपडे एकत्र येत, पण चुकत नसत, कारण कॉलरच्या आत बिब्ब्याच्या रसाने खूण केलेली असे. बिब्ब्याचा डाग धुतला तरी जात नाही. कातडी नाजूक असेल तर मानेवर पुरळ उठे, ते वेगळेच.

पुण्यात वाडे होते आणि वाड्यांत हौद होते. पेशवाईत कात्रजहून भुयारी नळाने आणलेले पाणी शहरभर हौदांतून मिळे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली झाल्यावर नळ वाढत गेले. तरीही वाड्याच्या मागच्या चौकात हौदाशेजारच्या दगडावर धुणी चालूच राहिली. भाडेकरूंचे वार आणि वेळा ठरलेल्या असत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे पडले. माणसे नव्या वसाहतींत गेली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सहकारी सोसायट्यांच्या ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ने संडास, न्हाणी, मोरी सगळे घरात आणले. हौदाजवळच्या गप्पा संपल्या. धुणे आता बाथरूममध्ये, दार लावून, एकटीने करायचे काम झाले.

याच काळात कपडाही बदलला, आणि धुण्याच्या जागेवर त्याचा परिणाम कुठल्याही वास्तुतज्ज्ञापेक्षा जास्त झाला. नऊवारीची पाचवारी झाली, धोतर गेले, टेरिलिन आणि टेरिकॉट आले. सुती कपड्याला धुतल्यावर नीळ लागे आणि खळ लागे. खळ म्हणजे तांदळाची पेज किंवा साबुदाण्याचे पाणी, आणि तिच्यासाठी वेगळे घमेले. टेरिकॉटला यातले काहीच नको. पिळून झटकला की तासाभरात वाळतो. दोघींनी दोन टोके धरून लुगडे पिळायला जी मोकळी जागा लागे, तिची गरजच उरली नाही. बादलीभर धुणे बाथरूममध्ये मावू लागले.

साबणाच्या वडीलाही नवा प्रतिस्पर्धी मिळाला. १९५९ साली सर्फ बाजारात आला, पण तो मध्यमवर्गाच्या वरच्या थरापुरता राहिला. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरामागे निरमा करायला सुरुवात केली. ती पावडर साडेतीन रुपये किलोच्या आसपास, सर्फच्या चौथाई किमतीत, मिळू लागली. पावडरीचे यश केवळ किमतीचे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअरवेल झपाट्याने वाढल्या, आणि खोल जमिनीतले पाणी बहुधा क्षारयुक्त, शाळेच्या पुस्तकातल्या शब्दात ‘दुष्फेन’. त्यातले कॅल्शियम साबणाला धरते आणि करडा साका कपड्यावर बसतो. पांढरा सदरा हळूहळू मळकट दिसू लागतो. डिटर्जंटचा असा साका होत नाही. जड पाण्याच्या गावात पावडर आधी पोचली, ती याच कारणाने.

कामाची वाटणीही बदलली. घरकामाला येणाऱ्या बाईशी बोलणी होत ती ‘धुणे वेगळे, भांडी वेगळी’ अशी, आणि धुण्याचे पैसे माणशी ठरत. चादरी आणि पडदे त्यात धरायचे की नाही, हा कायमचा वादाचा मुद्दा. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. घरात धुण्याची जागा मालकिणीच्या सोयीने ठरली. तिथे उकिडवे बसून रोज चार-पाच घरची धुणी उरकणाऱ्या बाईला त्या ठरवण्यात विचारले गेले नाही. उभ्याने धुता येईल असा ओटा आजही दुर्मीळच आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉशिंग मशीन मध्यमवर्गीय घरात शिरू लागले. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनच्या जाहिराती दूरदर्शनवर दिसू लागल्या. पुढे गोव्यात वेर्ण्याला आयएफबीचा कारखाना झाला आणि पुण्याजवळ रांजणगावला आणखी कंपन्या आल्या. यंत्र आले, पण त्याला जागा नव्हती. बाथरूमच्या दारातून ते जाईना, म्हणून ते हॉलच्या कोपऱ्यात किंवा बेडरूममध्ये, वर क्रोशाचा रुमाल आणि अंगावर फुलाफुलांचे कव्हर घालून उभे राहिले. धुण्याच्या दिवशी चाकांवरून ढकलत न्यायचे, नळी मोरीत सोडायची आणि वायर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला. ओल्या फरशीवरून ओढलेली ती वायर हा अनेक घरांतला खरा धोका होता, कारण जुन्या वायरिंगला अर्थिंगच नसे.

पहिली बहुतेक मशीन सेमी-ऑटोमॅटिक होती, आणि पूर्ण ऑटोमॅटिक मिळू लागल्यावरही ती हटली नाहीत. हा कंजूषपणा नव्हता. ऑटोमॅटिक मशीनला नळाचे पाणी सलग आणि दाबाने हवे. जिथे पाणी दिवसातून दोन तास, किंवा आठवड्यातून दोनदा येते, तिथे बादलीने भरता येणारे आणि एकच साबणपाणी दोन घाण्यांना पुरवणारे मशीन हेच शहाणपणाचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर. अशा गावात मशीन विकत घेताना त्याचा ब्रँड नंतर पाहिला जातो. आधी घरात पिंप कुठे ठेवायचे ते ठरते.

सोसायट्यांना चोवीस तास पाणी मिळाले तरी दाबाचा प्रश्न उरतोच. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीखाली लगेच येणाऱ्या वरच्या मजल्यावर ही उंची तीन मीटरच असते, म्हणजे दाब एक तृतीयांश बारच्या आसपास. तेवढ्यात मशीन कसेबसे भरते किंवा चूक दाखवून थांबते. खालच्या मजल्यावरच्यांना कधी न लागणारा प्रेशर पंप वरच्यांना लागतो, तो याचमुळे. फ्रंट लोड मशीनचे वजन साठ-सत्तर किलो, कारण आत सिमेंटचे वजन बसवलेले असते. ते नसेल तर मिनिटाला हजारावर फेरे घेताना यंत्र जागचे हलेल. एवढा भार आणि थरथर पेलायला सपाट, घट्ट फरशी लागते, आणि बाथरूमची फरशी उताराची असते.

बिल्डरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ड्राय बाल्कनी. नाव ‘ड्राय’, आणि घरातली सगळी ओली कामे तिथेच! पुण्याच्या नकाशांत ती स्वयंपाकघराच्या पाठीमागे असते. एका बाजूला भांडी घासायचे सिंक, दुसरीकडे मशीनसाठी नळ आणि सोळा अँपिअरचा सॉकेट, कोपऱ्यात जाळी. वास्तविक ही मोरीच, फक्त कट्टा काढून घराबाहेर ढकललेली. प्लंबर त्या जाळीखालच्या वळणाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हा मराठी शब्द देशभरच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत तसाच छापला जातो. त्यात पाच सेंटिमीटर पाणी साचून राहते आणि गटाराचा वास व झुरळे अडवते. मोरीच्या बोळ्याचे काम आता हे पाणी करते. मात्र मशीनचा पंप साबणपाणी जोराने बाहेर फेकतो. सांडपाण्याच्या नळाचा व्यास कमी असेल तर वरच्या चार मजल्यांचा फेस खालच्या घराच्या जाळीतून फरशीवर उसळतो. म्हणून आता मशीनच्या पाण्याला वेगळी उभी नळी देण्याकडे कल आहे.

बाल्कनीला बाहेरून काच लावून ती बंद केली की ऊन संपते, आणि इमारतीच्या दर्शनी बाजूला कपडे दिसू नयेत असे नियम बऱ्याच सोसायट्या करतात. मग वाळवण छताकडे जाते. स्टीलच्या सहा नळ्या, प्रत्येकीला स्वतःची दोरी, दोऱ्या कप्प्यांतून भिंतीवरच्या हुकापर्यंत. एकेक नळी खाली घ्यायची, कपडे पसरायचे, वर ओढायची. नळ्या पाच-सहा फुटांच्या असतात, तेव्हा पाचवारी साडी तिच्यावर चौघडी करूनच घालावी लागते, आणि मधली घडी दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलीच राहते.